न चिरलेले कवेलू

लालसिंग आडे यानं आपल्या हयातीत एकोणतीस विहिरी बांधल्या. पुसदच्या बाजूला अजूनही त्यांतल्या बऱ्याच विहिरींना पाणी आहे, आणि एकीचंही कडं खचलेलं नाही. या विहिरींबद्दल लोक त्याला मानायचे, लग्नाच्या पंगतीत आग्रहानं वाढायचे. पण ज्या एका कामासाठी त्याला खरोखर डोक्यावर घ्यायला हवं होतं, त्या कामापायी गावानं त्याला वेड्यात काढलं, बायकोनं शपथ घातली आणि सरकारी साहेबानं दोन वेळा ऑफिसातून घालवून दिलं. ऐकणाऱ्याचंसुद्धा डोकं तापावं अशी ही हकीकत आहे. ज्याच्यावर ती गुदरली, त्यानं ती कशी गिळली असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

वाकदरी गावापासून अर्ध्या कोसावर त्याचा बंजाऱ्यांचा तांडा. आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेला. बापानं शेत धरलं आणि लालसिंगनं छिन्नी-हातोडा. दुपारची भाकर तो विहिरीतच खायचा, सोबत पितळेच्या डबीत घरचं तूप. आणि त्या तुपानंच त्याला एक गोष्ट शिकवली. वैशाखात वर काठावर डबी ठेवली की तुपाचं पाणी व्हायचं. तीच डबी दोन पुरुष खोल, मुरमातल्या कोनाड्यात ठेवली की तासाभरात तूप रवाळ व्हायचं. पुसाच्या थंडीत उलटं. वर तूप दगडासारखं, आणि खाली बोटानं काढता येईल इतकं मऊ. वीस वर्षं त्यानं हे पाहिलं, वेगवेगळ्या शेतांत, काळ्या मातीखाली आणि पांढऱ्या मातीखाली. दोन पुरुषांखाली बारा महिने एकच हवा असते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. या ज्ञानाचं करायचं काय, हे मात्र सुचलं नव्हतं. ते सत्तावन्न सालच्या मे महिन्यात सुचलं, आणि फार वाईट रीतीनं सुचलं.

त्या साली त्याची मुलगी पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सरकारच्या विकास ब्लॉककडून गावात नुकतीच नर्सबाई आली होती. इंदुताई तिचं नाव, अमरावतीकडची, बोलायला फटकळ आणि हाताला हलकी. तिला राहायला आणि बाळंतपणं करायला जागा मिळाली ती कापसाच्या जुन्या गोदामात. वर टिनाचं छप्पर. पंचफुलाला तिथं मुलगी झाली. चांगली रडली, अंगावर प्यायली. पण त्या टिनाखाली भर दुपारी भिंतीला हात लावता येत नव्हता. इंदुताई ओले पडदे लावायची, ते भाकर भाजायला लागेल इतक्या वेळात वाळायचे. चौथ्या दिवशी मुलगी गेली. काही रोग नाही, काही नाही. नुसती सुकून गेली.

"ही उन्हानं मारली, लालसिंगभाऊ," इंदुताई म्हणाली. ती रडत नव्हती, संतापली होती. "मला एक गार खोली द्या कोणीतरी. औषध नको, काही नको."

ते वाक्य लालसिंगच्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच.

पुढच्या वर्षी प्रसूतिगृह मंजूर झालं. गावानं श्रमदान करायचं, सरकारनं सामान द्यायचं. पायाचं दगडकाम लालसिंगकडे आलं. नकाशा पाहिला तर वर सिमेंटचे पत्रे. म्हणजे टिन गेलं आणि टिनाचा भाऊ आला. लालसिंग ओव्हरसियरच्या ऑफिसात गेला आणि तिथल्या फरशीवर खडूनं रेघा मारून समजावू लागला. इमारतीमागं कडुनिंबाखाली एक तोंड. तिथून दोन पुरुष खोल खंदक, साठ हात लांब. खंदकात मातीचे नळ. दुसरं तोंड खोलीत, बाजेच्या पायथ्याशी. वरची ऊन हवा नळात शिरेल, साठ हात जमिनीतून चालेल, आणि खोलीत निघेल तोवर निवालेली असेल. हिवाळ्यात तीच हवा ऊबदार.

ओव्हरसियर साहेबांनी चष्मा पुसला. "एस्टिमेटमध्ये हे कुठं आहे?"

"एस्टिमेटात नाई साहेब, जमिनीत हाय."

"जे एस्टिमेटमध्ये नाही ते जमिनीतही नाही. फरशी पुसून जा."

त्यानं फरशी पुसली. महिन्यानं परत गेला, परत तेच. साहेब माणूस वाईट नव्हता. पण कागदात नसलेली वस्तू त्याला दिसतच नव्हती, त्याला तो बिचारा काय करणार? शेवटी कंटाळून म्हणाला, "इमारतीच्या बाहेर तुला काय उकरायचं ते उकर. भिंतीला एक भोक ठेव, मी पाहिलं नाही. पण माझ्याकडं काही मागू नकोस."

यावर लालसिंगला केवढा आनंद झाला! भावकीतल्या दोन माणसांना घेऊन त्यानं दिवाळीनंतर खंदक धरला. नळांसाठी गावच्या कुंभाराकडे गेला. कवेलू म्हणजे छपराची कौलं; ती कशी करतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कुंभार चाकावर आधी नळकांडं उतरवतो, मग ओलं असतानाच उभं चिरून त्याचे दोन कवेलू करतो. लालसिंग म्हणाला, "चिरू नको. असेच अख्खे भाज."

"न चिरलेले कवेलू?" कुंभार त्याच्याकडे पाहतच राहिला. "त्यायले छपरावर कसं ठेवसीन?"

"छपरावर नाई ठेवत. जमिनीत पुरतो."

झालं. लालसिंग जमिनीत छप्पर पुरतो आहे, ही बातमी बाजारापर्यंत गेली. त्यानं लक्ष दिलं नाही. नळकांडी एकात एक बसवत त्यानं शेजारी शेजारी तीन रांगा टाकल्या, सांधे चुन्यानं भरले, ओल निथळावी म्हणून सगळ्यांना बाहेरच्या बाजूला उतार दिला. माघात खंदक बुजवला. चैत्राचं ऊन तापलं तसा तो खोलीत जाऊन भिंतीच्या भोकाशी हात धरून बसला. हवा आली नाही.

काहीच आलं नाही. हाताला चिलट बसल्याइतकंसुद्धा काही लागलं नाही. सबंध हिवाळ्याची मेहनत, आणि भोक मुकं! तीन दिवस तो बुजवलेल्या खंदकावरून येरझारा घालत राहिला. चौथ्या दिवशी त्याची बायको धनीबाई चूल पेटवत होती, धूर वर वर जात होता, आणि तो ताडकन उठला. हवेला आत यायला वाट दिली, पण बाहेर ओढणारं कोणी नाहीच! त्यानं खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर वरच्या अंगाला टिनाचं उंच धुराडं बसवलं आणि ते डांबरानं काळंकुट्ट रंगवलं. ऊन जितकं कडक तितकं धुराडं तापणार, आतली गरम हवा वर पळणार, आणि तिच्या जागी खालची गार हवा येणार. सूर्यालाच पंख्याला जुंपलं म्हणा ना.

दुसऱ्या दुपारी त्यानं हात धरला, आणि बोटांना वारा लागला. चांगला, सरळ, न थांबणारा वारा. त्यानं तुपाची डबी भोकासमोर ठेवली. बाहेर माणूस उभा राहू शकत नव्हता, आणि डबीत तूप कडेकडेनं रवाळ व्हायला लागलं होतं. पन्नाशीला आलेला तो माणूस एकटा त्या रिकाम्या खोलीत बसून हसला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण आता गाव आलं.

तर झालं असं होतं. पंधरा-सोळा वर्षांमागं विठ्ठलराव पाटलांच्या ज्वारीच्या पेवात धनीबाईचा भाऊ प्रेमसिंग उतरला होता. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड लहान, पोट मोठं. झाकण उघडल्यावर लगेच उतरू नये, कोंडलेली हवा माणसाला मारते, हे त्या पोराला कळलं नाही. लालसिंगनंच नाकाला फडकं बांधून, कंबरेला दोर लावून त्याला वर काढलं. तोवर तो गेला होता. तेव्हापासून लालसिंगनं गावोगाव एकच धोशा लावला होता. पेव असो, विहीर असो, आधी दिवा सोडा. दिवा विझला तर उतरू नका, जमिनीतली हवा वैरीण आहे. त्याच्या या शिकवणीनं किती जीव वाचले असतील कोण जाणे. लहान लेकरांनासुद्धा ती पाठ होती. आणि आता हाच लालसिंग जमिनीतली हवा बाळंतिणीच्या खोलीत आणून सोडत होता!

विठ्ठलराव आता सरपंच होते. ते चार माणसं घेऊन आले. मागं बायकाही आल्या, त्यांत धनीबाई.

"लालसिंग," विठ्ठलराव म्हणाले, "तूच सांगत होता ना, जमिनीतल्या हवेचा भरोसा नाई म्हनून? दिवा लावून पाहा म्हनून? मंग लाव दिवा."

"लावतो ना पाटील! कायले नाई लावत?" लालसिंगला वाटलं, बरं झालं, एकदाचा निकाल लागेल.

धनीबाईनंच पणती पेटवून आणली आणि भोकासमोर ठेवली. ज्योत एका बाजूला लवली, फडफडली आणि विझली.

धनीबाईनं पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा पेटवली, आणि पणती तिसऱ्यांदाही विझली.

"अरे बाप्पा, हा वारा हाय वारा!" लालसिंग ओरडला. "वाऱ्यानं दिवा इझनार नाई तं काय होईन? पेवातली हवा कोंडलेली असते, ही चालू हाय! फरक कळते का नाई?"

"पेवातबी दिवा असाच इझला होता," मागून कोणीतरी म्हणालं.

त्याचं काम जितकं चांगलं, तितका दिवा लवकर विझणार. हे तो कोणाला आणि कसं पटवणार? धावत जाऊन त्यानं कंदील आणला. कंदील भोकासमोर मजेत जळत राहिला. लोक म्हणाले, कंदिलाला काच असते, त्याला हवा लागतच नाही. त्यानं खोलीत बोकड बांधला. बोकड संध्याकाळी बाहेर निघायला तयार होईना, तर म्हणाले, जनावराला काय कळतं. मग तो स्वतः आठ दिवस भर दुपारी त्या खोलीत झोपला आणि रोज धडधाकट उठून बाहेर आला.

"तुले काय होते?" विठ्ठलराव म्हणाले. "तुही जिंदगी जमिनीच्या खाली गेली. तुले सवय हाय. बाळंतिनीचं कसं?"

यावर माणसानं डोकं आपटून घ्यावं, नाहीतर काय करावं?

आणि दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या पंचफुलाचे दिवस भरत आले होते. पुन्हा मे महिनाच. या वेळी पाय सुजले होते, इंदुताईनं बजावलं होतं की बाळंतपण तांड्यावर करायचं नाही, माझ्या नजरेखाली खोलीतच करायचं. धनीबाई नर्सबाईच्या शब्दाबाहेर नव्हती. पण त्या भोकाच्या बाबतीत ती कोणाचंही ऐकणार नव्हती. घरात दोघं बोलायचे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, आणि भांडण लागलं की वऱ्हाडीत. त्या दिवशी वऱ्हाडीत सुरू झालं.

"माह्या भावाले खाल्लं त्या हवेनं. आता पोरीले नाई देत."

"ती हवा येगळी, ही येगळी. मांगच्या वेळी नात गेली ते इसरली का? गरमीनं गेली ते!"

"गरमी देवाची असते. हे तुमचं हाय." धनीबाईनं कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. "तुमाले सेवालाल महाराजाची आन हाय. पोरगी मोकळी होईपर्यंत याले हात लावला तर."

सेवालाल महाराज म्हणजे बंजाऱ्यांचं दैवत; त्यांची आण म्हटल्यावर गोर माणूस पुढं काय बोलणार? तडक जाऊन कडुनिंबाखालच्या तोंडात तिनं गोणपाट गच्च कोंबलं, वर दगड ठेवला, आणि लालसिंग पाहत राहिला.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. बारा वाजता पत्रे तडतडायला लागले. बाप्या माणसाला खोलीच्या दाराशीही फिरकायचं नसतं, म्हणून लालसिंग मागं कडुनिंबाखाली त्या तोंडाशेजारी बसला होता. गोणपाट त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. आतून पंचफुलाचं कण्हणं ऐकू येत होतं, हातपंख्याचा फटफट आवाज येत होता. वर ते काळं धुराडं तापून धगधगत होतं; ओढायला पाहत होतं आणि ओढायला काही नव्हतं. एकदा त्यानं हात पुढं नेला. मागं घेतला. आण मोडली आणि काही झालं, तर ते कोणाच्या माथी? आण पाळली आणि काही झालं, तर? त्याला स्वतःचा, बायकोचा, प्रेमसिंगचा, साऱ्या गावाचा राग आला. पंधरा वर्षं दिवा दिवा करत फिरलो त्या तोंडाचाही राग आला.

दोनच्या सुमाराला इंदुताई घामानं निथळत मागं आली.

"पोरीला घेरी येतेय. अजून तासभर तरी लागेल. हे काढा, लालसिंगभाऊ."

"बाई, मले आन घातली हाय."

"कोणी?"

"घरच्यायनं. सेवालाल महाराजाची."

इंदुताईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. "आण तुम्हाला घातली," ती म्हणाली. "मला कोणी काही घातलेलं नाही." तिनं पायानंच दगड ढकलला, गोणपाट खेचून काढलं आणि आत निघून गेली.

नळानं श्वास घेतला. कडुनिंबाखालचा वाळलेला पाला सरकत सरकत तोंडाशी गोळा व्हायला लागला. लालसिंग हातानं तो बाजूला करत बसला. थोड्या वेळानं आतून धनीबाईचा आवाज आला, "मरियामादेवीनं वारा सोडला गं माय! सोडला बाप्पा वारा!" यावर हसावं की रडावं ते लालसिंगला कळेना. साडेतीनला मुलगा झाला. त्याचं रडणं ऐकून लालसिंगनं निंबाच्या बुंध्याला डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. उन्हं उतरल्यावर इंदुताई मागं आली, गोणपाट होतं तसं कोंबलं, दगड ठेवला.

"कोणाला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "त्या भोकाची हवा मी सोडली हे कळलं, तर उद्यापासून एक बाई माझ्याकडं येणार नाही. घरी अंधारात मरतील."

"अन् माह्यं काम?"

तिनं दगड नीट सरकवला आणि आत गेली. दुसऱ्या दुपारपासून मात्र, धनीबाई तांड्यावर स्वयंपाकाला गेली की इंदुताई ते गोणपाट काढायची आणि ती परतायच्या आत घालायची. दहा दिवस असं चाललं. मुलगा बाळसं धरायला लागला.

गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. धनीबाईनं वेळेवर भोक बुजवलं म्हणून नातू वाचला! बायका तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. ती गूळ वाटत फिरली. ग्रामपंचायतीत ठराव झाला की ते तोंड कायमचं बंद करावं, आणि विठ्ठलरावांनी त्यासाठी गावातल्या सर्वात चांगल्या गवंड्याला निरोप धाडला. तो गवंडी म्हणजे लालसिंगच. त्यानं आठ दिवस निरोपाला उत्तर दिलं नाही. "आता सांगूनच टाकतो," तो मनाशी म्हणायचा. "सभेत उभा राहून सांगतो. ज्याले पटायचं त्याले पटन."

सव्वा महिन्यानं पंचफुला सासरी निघायची होती. आदल्या दिवशी ती आणि धनीबाई इंदुताईचा निरोप घ्यायला आल्या, तेव्हा ती मुलाला घेऊन कडुनिंबाखाली आली. बाप तिथं चुन्याच्या डब्याशेजारी नुसताच बसला होता.

"बा," ती म्हणाली, "गोनपाट कोनी काढलं होतं?"

लालसिंग दचकला. "तुले कसं कळलं?"

"माह्ये पाय तिकडंच होते ना. पायाच्या बोटायले पह्यलं गार लागलं." तिनं आवाज बारीक केला, याडीला म्हणजे आईला ऐकू जाऊ नये म्हणून. "मले लय भेव वाटलं. मामाच आठोला. वाटलं ओरडावं, याडीले सांगावं. मंग म्हटलं, बानं बांधलं हाय, तं राहू दे."

म्हणजे घरच्या एका माणसाला तरी माहीत होतं! "मंग सांगत काहून नाई, पोरी? तू सांग सभेत. बाळंतिनीनं सांगतलं तं कोन नाई म्हनन? पुढच्या साली दुसऱ्याचं लेकरू असन त्या खोलीत."

पंचफुलानं खाली मान घालून मुलाच्या कपाळावरची माशी हाकलली. दूर खोलीच्या दारात धनीबाई नातवाचं टोपडं उन्हात धरून झटकत होती, आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

"ते पाहा याडीले," पंचफुला म्हणाली. "मामा गेल्यापासून मी तिले गाताना ऐकलं नोतं. तिले वाटते, तवा भावाले नाई वाचोता आलं, पन याले तिनं वाचोलं. मी सांगू का तिले, का तू नाई वाचोलं म्हनून?"

दिवा का विझतो, कंदील का जळतो, धुराडं का ओढतं, हे सगळं लालसिंगला सांगता येत होतं. हे नव्हतं सांगता येत. पुढच्या उन्हाळ्यातलं ते कोणाचं तरी लेकरू त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि दारातली गुणगुणणारी धनीबाईही होती.

"जा तू," तो म्हणाला. "ऊन लागन लेकराले."

ती गेल्यावर त्यानं गोणपाट काढलं. आतून ओढ लागलीच होती. दोन-तीन निंबाची पानं त्याच्या मनगटावरून आत गेली. शिव्या घालत, जोरजोरात शिव्या घालत, त्यानं चुना कालवला. मग मापाचा दगड घडवला आणि तोंडावर बसवला. सांधा इतका पक्का भरला की मुंगी शिरू नये. कच्चं काम करून ठेवता आलं असतं, पण ते त्याच्या हाताला येत नव्हतं.